समोरच्या कोपऱ्यातलं पाणी

शनिवारी आम्ही हरायचो. आठवड्यातले बाकीचे दिवस जिंकायचा सराव असे. शनिवारी मात्र, सगळं खेळून, घाम पुसून झाला की सर आम्हाला दोघी-दोघींना रिंगच्या मधोमध उभं करत, दोघींची मनगटं धरत आणि मनाला येईल तिचा हात वर करत. त्या दिवशी कोण चांगली खेळली याच्याशी त्याचा काही संबंध नसे. जिचा हात वर गेला तिला फारसं काम नव्हतं, कारण जिंकल्यावर कसं वागायचं हे सरांच्या मते शेंबड्या पोरालाही कळतं. खरी तालीम दुसरीची असायची.

तिनं मान खाली घालायची नाही. समोरचीचा हात हातात घेऊन तिच्या डोळ्यांत बघायचं. मग दोरांपर्यंत चालत जाऊन तिच्या कोपऱ्यातल्या सरांना, म्हणजे सरावात तिकडे जाऊन उभ्या राहिलेल्या आमच्याच सरांना, नमस्कार करायचा आणि त्यांच्या बाटलीतलं घोटभर पाणी प्यायचं. पाणी प्यायल्याशिवाय रिंगमधून उतरायचं नाही. बाऊट झाल्यावर समोरच्या कोपऱ्यात जाऊन हात मिळवायची रीत बॉक्सिंगमध्ये सगळीकडेच आहे, पण हरलेल्यानं तिथलं पाणी प्यायचं हा नियम आमच्या सरांचा स्वतःचा होता.

"जिच्या हातचा मार खाल्ला तिच्या कोपऱ्यातला पाणी प्यायचा," सर म्हणायचे. "मग राग राहात नाय. रडायचा तर घरी जाऊन रडायचा गो. रिंगमधी नाय."

सर डोंबिवलीला खेटून असलेल्या एका जुन्या गावातले. गावाच्या चारही बाजूंनी टॉवर आले आणि गाव मधे होतं तसंच राहिलं. सरांचंही तसंच. दिवसा ते पालिकेच्या पाण्याचे वॉल्व्ह सोडायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे. आमचा हॉल भाजीमंडईच्या वरच्या मजल्यावर होता, त्यामुळे खालून सतत कोथिंबिरीचा ओला वास यायचा. अजूनही घरी कोथिंबिरीची जुडी सोडली की माझ्या मुठी आपसूक हनुवटीकडे जायला बघतात.

हरण्यात मी सगळ्यांत हुशार होते. बाकीच्या पोरी त्या तालमीत खिदळायच्या, एखादी पाणी पिताना मुद्दाम ठसका काढायची. मी मन लावून हरायचे. मनगट धरलं गेलं की माझा तो हात असा काही जड व्हायचा की जणू तो वर जाण्यासाठी बनलेलाच नाही. मग मी चेहरा शांत ठेवून चालत जायचे आणि सावकाश पाणी प्यायचे. एकदा सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुला हरायला जाम आवडाया लागलंय गो." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत माझ्या वजनात कल्याणची एक मुलगी होती, माझ्याहून उंच, डावखुरी. तिनं मला दोनदा हरवलं होतं आणि दोन्ही वेळा मी तिच्या कोपऱ्यातलं पाणी पिऊन आले होते. आधीच्या फेऱ्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळे आता तिसऱ्यांदा, तेही फायनलला, ती समोर येणार हे महिनाभर आधीच कळलेलं होतं. एवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण ह्या वेळी घरी एक ठरलेलं होतं.

आदल्या वर्षी माझं नाक तुटलं होतं. आई रडली, बाबा औषधं आणायला गेले. मग एका स्पर्धेपायी लॅबच्या कोर्सची परीक्षा बुडाली, तेव्हा जेवताना, ताटातून वर न बघता ते म्हणाले, "ह्या वेळची फायनल हरलीस तर बास. कोर्स पुरा कर, नोकरीला लाग. जिंकलीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही." मी हो म्हटलं. त्यात वाईट काही नव्हतं. बाबा एमआयडीसीत पहिल्या पाळीला मशीनवर उभे असायचे आणि माणसानं एका वेळी एकच मशीन नीट चालवावं असं त्यांचं सगळ्याच बाबतीत मत होतं.

गंमत अशी, की मला खेळायला उठवायचे तेच. रोज कामावरून आले की हात धुवून पहिलं काम म्हणजे एका छोट्या पातेल्यात माझ्यासाठी काळे चणे भिजत घालायचे, वर ताटली झाकायची. पहाटे पाचला माझ्या पायाचा अंगठा धरून हलवायचे. मी उठून बसेपर्यंत चणे वाटीत, शेजारी गुळाचा खडा. माझी एकही बाऊट त्यांनी बघितलेली नव्हती, पण चण्यांचा एकही दिवस चुकवला नव्हता.

भीती वाटत असेल तर ती गोष्ट एकदा शेवटापर्यंत डोळ्यांसमोर आणायची, मग ती लहान होते, असं सरांनी सांगितलं होतं. मी आज्ञाधारक. तो महिनाभर मी पहाटे खाडीकाठी मोठागावच्या रस्त्यानं धावायचे आणि धावताना हरायचे. माणकोलीच्या पुलाचे तेव्हा नुसते खांब उभे होते. धुक्यात ते पाण्यातून वर आल्यासारखे दिसायचे आणि त्यांच्यामागे काहीच नसायचं. पावलं आपोआप पडायची, श्वास आपोआप चालायचा आणि मी हळूहळू त्या दुसऱ्या दिवसात शिरायचे, हरल्यानंतरच्या.

त्या दिवशी मी आठ वाजता उठलेली असायचे. भिंतीवर ऊन आलेलं. आई पोहे करतेय, मोहरी तडतडतेय. बाबा कामाला गेलेले. ओट्यावरच्या मांडणीत ते छोटं पातेलं धुवून पालथं घातलेलं. मी आरशासमोर बसून केस विंचरायचे, आणि केस खांद्याच्या खाली आलेले असायचे. मग मी लॅबमधे पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या उजेडात धरायचे. कुणीतरी विचारायचं, नाकाला काय झालं? मी म्हणायचे, पूर्वी बॉक्सिंग करायचे. त्या जगात सगळं सावकाश चालायचं आणि मला कुणीही मारत नसे.

पहिल्या आठवड्यात भीती खरंच लहान झाली. दुसऱ्या आठवड्यात ती दिसेनाशी झाली. पण मग तिच्या जागी एक सुस्त गोडी आली, आणि तिचं काय करायचं हे सरांनी सांगितलेलं नव्हतं. मी धावून परत आले की मला चक्क वाईट वाटायचं, एखाद्या गावाहून परतल्यावर वाटतं तसं.

एकच गोष्ट त्या दिवसात कितीही प्रयत्न केला तरी दिसायची नाही. बाबांचा चेहरा. हरून मी त्यांच्यासमोर उभी आहे, तिथपर्यंत यायचं, पुढे नाही. मी त्यांना रागावून बघितलं, पण ते रागावत नाहीत. त्यांच्या तोंडी 'चालायचंच' घालून बघितलं, पण ते त्यांनी फ्रिज बिघडला तेव्हा म्हटलेलं होतं, त्याच आवाजात ऐकू यायचं. तेवढ्या जागी नुसतं धुकं असायचं. मी ती जागा गाळून थेट पालथ्या पातेल्यापाशी जायचे.

ह्याच दिवसांत कधीतरी चहा पिताना मी बाबांना पाण्याचा नियम सांगितला. त्यांना तो अजिबात पटला नाही. बाहेरचं पाणी ते तोंडात घेत नाहीत, कामावरही घरची बाटली नेतात.

"दुसऱ्याच्या बाटलीतलं? तोंड लावून?"

"वरून, बाबा."

"आणि हरल्यावरच ना?"

"हरल्यावरच."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं.

फायनल ठाण्याला होती. सकाळी निघताना बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ का मी? सुट्टी टाकलीय." मला नको म्हणायचं होतं. मी म्हटलं, या. ते मागून बसनं येणार होते. आम्ही पाच पोरी सरांच्या व्हॅनमधे. सरांचा आणखी एक नियम होता, शीळफाटा ओलांडला की कुणी बोलायचं नाही. त्यामुळे फाट्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा सगळ्या पोरी घाईघाईनं काय काय बोलून घेत होत्या. मी तशीही गप्पच होते. काचेबाहेर मुंब्र्याचा डोंगर उन्हात फिकट होत होता आणि मला अगदी आरामात वाटत होतं. सरांनी आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं.

हॉलमधे शिरले तेव्हा बाबा आलेले होते. सगळ्यांत वरच्या पायरीवर, दाराशेजारी, पिशवी मांडीवर घेऊन. कुणीही कधीही उठवेल अशा बेताने बसलेले.

बाऊट मला सलग आठवत नाही. पहिला राऊंड तिचा होता. तिचा डावा हात येताना दिसायचा आणि दिसेपर्यंत लागलेला असायचा. हेडगार्डच्या आत आवाज घुमत होते, पाण्याखाली डोकं घातल्यावर बाहेरचं बोलणं येतं तसे. दुसऱ्या राऊंडला मी बरी खेळले. मधल्या मिनिटात सरांनी माझ्या मानेवर पाणी टाकलं आणि काहीतरी सांगितलं, मी मान हलवली, पण आत मी मोहरी तडतडताना ऐकत होते.

तिसरा राऊंड सुरू झाला आणि मला दिसलं की ती दमली आहे. तिचं तोंड उघडं पडत होतं. डावा हात मारून परत हनुवटीपाशी यायला उशीर करत होता. म्हणजे मी जिंकू शकत होते. आणि तेव्हा, महिनाभरात पहिल्यांदा, मला खरीखुरी भीती वाटली. इतकं नीट लावून ठेवलेलं सगळं, ते ऊन, ते केस, तो पांढरा कोट, सगळं हातातून जाणार होतं. माझे हात खाली आले. खाली म्हणजे अगदी थोडे, पण रिंगमधे थोडं पुरतं. सर मॅटवर पंजा आपटत ओरडत होते, "हात! हात!"

तिचा ठोसा माझ्या नाकावर बसला. डोळ्यांत पाणी आलं आणि मी जागी झाले. मला भयंकर राग आला. तिचा नाही. आठ वाजेपर्यंत लोळत पडणाऱ्या त्या माझ्यातल्या पोरीचा, जी, मी चणे खाऊन धावत असताना, माझ्याच डोक्यात आयती राहात होती. मग मी जे मारत सुटले ते घंटा झाल्यावरही पंचांनी मला दोन्ही हातांनी धरेपर्यंत. शूर वगैरे मी अजिबात नव्हते, नुसती चिडलेली होते.

ग्लोव्हज आणि हेडगार्ड काढून आम्ही दोघी मधे उभ्या राहिलो. पंचांनी मनगटं धरली. निकाल ऐकू येण्याआधीच्या त्या काही क्षणांत मी दर शनिवारसारखी तयार झाले. हनुवटी सरळ, चेहरा शांत, हात जड. आणि तो जड हात वर ओढला जाऊ लागला. मी तो खाली ठेवायला बघत होते. पंचांनी चमकून माझ्याकडे बघितलं आणि चांगला हिसका देऊन वर केला. टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी आहेत हे कानांना कळलं, पण पायांना कळलं नाही. मी तिचा हात हातात घेतला, तिच्या डोळ्यांत बघितलं, दोरांपर्यंत चालत गेले, तिच्या सरांना मान झुकवून नमस्कार केला आणि पाण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी गोंधळून बाटली दिली. मी घोट घेतला.

"अगं," ते म्हणाले, "जिंकलीस ना तू?"

पाणी गिळता गिळता मला ते कळलं. मागे वळून बघितलं तर ती कल्याणची मुलगी रिंगमधे एकटीच उभी. मग ती माझ्या कोपऱ्यात गेली आणि आमच्या सरांनी तिला बाटली दिली, तिला तो नियम ठाऊक नसताना. मी परत आले तेव्हा सर एवढंच म्हणाले, "आता जिंकायची पण तालीम ठेवाया लागंल गो."

बक्षीस द्यायचे पाहुणे आलेच नव्हते, म्हणून मेडल कोपऱ्यातल्या टेबलावरून सही करून घ्यायचं होतं. निळ्या डबीतलं मेडल मी बॅगेत टाकलं. बाकीच्या पोरींच्या बाऊट बाकी होत्या, सर त्यांच्यात गुंतले. मी वर बघितलं. दाराशेजारची जागा रिकामी होती.

बाबा खाली फाटकाशी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि "चल" म्हणाले. मी बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "निकालाच्या वेळी जरा खाली गेलो होतो. बसवेना. वर आलो तेव्हा तू पाणी पीत होतीस."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तो समोर होता. महिनाभर धुक्यात शोधूनही न सापडलेला तो चेहरा, हरल्यानंतर मी ज्याच्यासमोर उभी राहणार होते तो. आणि मला पुढचं ऐकायचं होतं. हे स्वार्थीपणाचं होतं, माणसाला असं उगाच दुःखात ठेवू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी जिंकल्याचं सांगितलं नाही.

आम्ही चालत तलावपाळीला आलो आणि कठड्यावर बसलो. दुपारचं ऊन पाण्यावर नुसतं पडून होतं. एक होडी तलावाच्या मधोमध थांबल्यासारखी दिसत होती. बाबांनी त्यांची घरची बाटली काढून मला दिली. मी प्यायले. "नाक ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग बराच वेळ आम्ही होडी बघत होतो.

"निघायला हवं," ते म्हणाले. "पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. चणे भिजत घालायचेत."

मला वाटलं, सवयीनं बोलले. "कशाला बाबा? आपलं ठरलं होतं ना."

"ठरलं होतं," ते म्हणाले. "पण ठरवलं तेव्हा तुला खेळताना मी कुठे बघितलं होतं?"

मला रडू कोसळलं. अगदी हुंदके देऊन. बाबांना ते हरल्याचं रडणं वाटलं आणि ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले, मशीनला थोपटावं तसं, थोडं जोरात. पुढे मी पुष्कळ हरले. राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले, आणि त्यानंतरही. कोर्स पुरा केला, आता ठाण्यातच एका लॅबमधे नळ्या उजेडात धरते आणि लोक नाकाबद्दल विचारतातही. पण हरण्याची भीती वाटली की त्यानंतर मी कधी आठ वाजताचं ऊन बघितलं नाही. मी तो कठडा आठवायचे आणि झोपून जायचे.

त्या दिवशी परतीच्या बसमधेही मी सांगितलं नाही. घरी आल्यावर बाबांनी हात धुतले आणि पातेलं काढलं. आईनं माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना हळूच विचारलं, काय झालं? "हरली," बाबा चणे निवडता निवडता म्हणाले. "पण आपली पोरगी काय खेळते, तुला सांगतो." मग पुढची दहा मिनिटं ते आईला ओट्यापाशी उभं करून तिसरा राऊंड करून दाखवत होते. ते सगळं चुकीचं होतं, डावा हात उजवा करून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मला त्या संध्याकाळी हरलेलंच राहायचं होतं.

पहाटे पाचला पायाचा अंगठा हलला. मी उठले, तोंड धुतलं, बॅगेतली निळी डबी आणून ओट्यावर चण्यांच्या वाटीशेजारी ठेवली. बाबांनी ती उघडली. ट्यूबलाइटखाली जाऊन, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून, मेडलवरची अक्षरं वाचली. पहिला क्रमांक. पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"मग काल ते पाणी?"

"सवय," मी म्हटलं.

त्यांनी डबी मिटली आणि गुळाच्या डब्यामागे ठेवली. वाटी माझ्याकडे सरकवली.

"आधी खा," ते म्हणाले.